लेवेलिन, लुएलिन की आणखी काही? एका वेल्श नावाचा उगम, अर्थ आणि देवनागरी

पानमळा

मध्ययुगीन वेल्सच्या इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादाची नामसूची करायची आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एक नाव येतं: एल-एल-वाय-डब्ल्यू-ई-एल-वाय-एन. या नावाचे निदान चार राजपुरुष आहेत. इंग्रजी ग्रंथांत त्याचं स्पेलिंग कधी एल-एल-ई-डब्ल्यू-ई-एल-वाय-एन असतं, तर कधी मधला एलही दुहेरी असतो. बाळांच्या नावांच्या साइटी 'सिंहासारखा' असा अर्थ देतात, काही ठिकाणी 'नेता' आहे, तर काही ठिकाणी दोन्ही.

तर विचारायचंय ते असं: १) खरी व्युत्पत्ती काय? २) मूळ स्पेलिंग कुठलं धरायचं? ३) देवनागरीत काय लिहावं? 'लेवेलिन' छापून मोकळं व्हायचं नाही, म्हणून धागा काढला.

---

धातुपाठ

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो, कारण दुसऱ्यातला घोळ पहिल्यातूनच आला आहे.

सर्वसाधारणपणे मान्य असलेली व्युत्पत्ती: लुगुबेलिनोस. हे वेल्शच्या पूर्वज भाषेतलं, म्हणजे ब्रिटॉनिकमधलं रूप. ते कुठल्या शिलालेखावर कोरलेलं सापडलेलं नाही, ध्वनिनियमांच्या वाटेने मागे चालत जाऊन उभं केलेलं आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या आधी तारांकन असतं. दोन तुकडे आहेत. 'लुगुस' हा केल्टिक देव (वेल्श आणि आयरिश या केल्टिक कुळातल्या भाषा). आयरिश कथांतला लुग तोच, आणि मध्ययुगीन वेल्श कथांतला ल्है नावाचा वीरही तोच. फ्रान्समधल्या लिआँ शहराचं रोमन नाव लुग्दुनुम होतं, त्यातला लुगही बहुतेक अभ्यासक हाच मानतात. दुसरा तुकडा 'बेलिनोस', म्हणजे बेलेनोस या देवाच्या नावाचं रूप. दोन देवांची नावं जोडून माणसाचं नाव करणं आपल्याला काही नवं नाही. हरिहर, रामकृष्ण ही तशीच.

आता रूप बदललं कसं ते पाहा:

सुरुवातीचा ल घोष, म्हणजे गळ्यातला कंप, सोडून फुसफुसता झाला. वेल्शमध्ये तो डबल एलने लिहितात. दोन स्वरांमधला ग आधी सैल पडला आणि मग गळून गेला. दोन स्वरांमधल्या ब चा व झाला, आणि आधीच्या डब्ल्यूच्या शेजारी तो व टिकला नाही. शेवटचं 'ओस' सहाव्या शतकाच्या आसपास बाकी सगळ्या ब्रिटॉनिक शब्दांच्या शेपट्यांबरोबर गेलं.

हे पटत नसेल तर दोन साक्षीदार आहेत. पहिला कुनोबेलिनोस. इसवीसनाच्या पहिल्या शतकातला आग्नेय ब्रिटनचा हा राजा, त्याच्या नाण्यांवर नाव आहे. शेक्सपिअरने त्यालाच सिंबेलिन केलं. त्याचं वेल्श रूप कनवेलिन. म्हणजे 'बेलिनोस'चं 'वेलिन' होतं हे डोळ्यांसमोर दिसतं. दुसरा साक्षीदार एक गाव आहे. इंग्लंडच्या वायव्येला कार्लाइल नावाचं शहर आहे. रोमन काळात ते लुगुवालियुम होतं, लुगुवालोस या माणसाच्या नावावरून पडलेलं. वेल्शमध्ये त्याला आजही काइर लिवेलिद म्हणतात. लुगु-चं लिव-/ल्हव- कसं होतं ते तिथे जसंच्या तसं सापडतं.

'लुगुस'चा स्वतःचा अर्थ काय, यावर मात्र एकमत नाही. जुनी पुस्तकं 'प्रकाश' म्हणतात. तो अर्थ ध्वनिनियमांत बसत नाही, कारण त्या धातूत क आहे आणि इथे ग. 'शपथ' या अर्थाच्या केल्टिक शब्दाशी (वेल्शमध्ये 'ल्हू') नातं जोडणारा पर्याय आहे, तो जास्त बरा वाटतो. 'बेलेनोस'साठीही 'तेजस्वी' हा अर्थ परंपरेने सांगतात, तोही वादात आहे. म्हणून नामसूचीत 'लुगुस आणि बेलिनोस या दोन देवतांच्या नावांपासून' एवढंच लिहा. 'तेजस्वी प्रकाश' वगैरे लिहू नका.

---

वाघनख

मग सिंह आला कुठून? वेल्शमध्ये 'ल्हेउ' म्हणजे सिंह, 'ऐलिन' म्हणजे प्रतिमा, मूर्ती. सिंहाची प्रतिमा, सिंहासारखा. सरळ आहे की. शिवाय उत्तर वेल्सच्या ग्विनेद राजघराण्याच्या ढालीवर चार सिंह आहेत, लाल आणि सोनेरी चौकटींत आलटून पालटून. लॅटिन कागदांत हे नाव 'लिओलिनुस' असंही येतं. सतराव्या शतकातले सर लिओलाइन जेंकिन्स (१६२५-१६८५) हे ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचे प्राचार्य, त्यांचं नाव म्हणजे ल्हवेलिनच. एवढे सगळे लोक उगाच सिंह म्हणत होते का?

---

धातुपाठ

उगाच नाही, पण उशिरा. वाघनख, तुम्ही दिलेले पुरावे कालक्रमाने लावून बघा.

ल्हवेलिन अप सैसिल्ह हा राजा १०२३ साली वारला. म्हणजे त्याचं नाव ठेवलं गेलं दहाव्या शतकाच्या अखेरीस. ढालीवर वंशपरंपरागत चिन्ह काढायची पद्धत पश्चिम युरोपात आली बाराव्या शतकात. सिंह ढालीवर चढण्याआधी निदान शंभर वर्षं नाव वापरात होतं. लॅटिन 'लिओलिनुस' हे कारकुनांनी केलेलं संस्कृतीकरण म्हणा हवं तर. त्याच पिढ्यांत 'लेवेलिनुस' हे साधं रूपही चालत होतं.

दुसरी अडचण शब्दाच्या बांधणीची. 'ल्हेउ' अधिक 'ऐलिन' यांचा समास केला तर मधल्या अक्षरात 'ऐ' राहायला हवा. जुन्या हस्तलिखितांत तिथे साधा 'ए' आहे. आणि पहिल्या अक्षरात वाय आहे, ई नाही. सिंहाच्या शब्दात ई आहे. म्हणजे दोन्ही सांधे उसवतात.

पण सिंहाला फेकून देऊ नका, कारण स्पेलिंग त्यानेच बदललं. लोकांनी नावात सिंह ऐकला, म्हणून पहिल्या वायचा ई केला. एल-एल-ई-डब्ल्यू ही जी सुरुवात दिसते ती सिंहाची. इंग्रजांनी पुढे मधला एलही दुहेरी केला, कारण इंग्रजीत जोराच्या अक्षरानंतर व्यंजन दुहेरी लिहायची सवय. वेल्श डोळ्याला ते खटकतं. वेल्शमध्ये डबल एल हे स्वतंत्र अक्षर आहे, मध्ये आलं तर तिथेही फुसफुसून म्हणावं लागेल, आणि तसं कोणी म्हणत नाही.

गंमत म्हणजे हीच चूक नकलनविसांनीही केली आहे. मी वर ज्याचं नाव घेतलं तो ल्है, मध्ययुगीन हस्तलिखितांत बऱ्याचदा 'ल्हेउ' म्हणजे सिंह असा लिहिलेला सापडतो. त्या कथेत काही कडवी आहेत. त्यांत ते नाव यमकाच्या जागी येतं आणि 'ल्हेउ'ने यमक जुळत नाही, 'ल्है'ने जुळतं. संपादकांनी नाव दुरुस्त केलं ते त्या यमकाच्या जोरावर.

'नेता' या अर्थाचंही असंच. 'ल्हिउ' म्हणजे नावेचं सुकाणू, आणि त्यावरून पुढारी. आजच्या वेल्शमध्ये सरकारला आणि अध्यक्षाला जे शब्द आहेत ते याच मुळाचे. १२८२ साली मारला गेलेला ल्हवेलिन अप ग्रिफिद याला 'अ ल्हिउ ओलाव', म्हणजे 'अखेरचा नेता' म्हणतात. किलमेरी गावापाशी तो पडला तिथे १९५६ साली उभारलेल्या ग्रॅनाइटच्या शिळेशी जो लेख आहे, त्यातही 'ल्हवेलिन आमचा अखेरचा ल्हिउ' असे शब्द आहेत. कानाला दोन्ही शब्द इतके जवळ लागतात की नावाचा अर्थच 'नेता' असं वाटणं साहजिक आहे. ती कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे.

तेव्हा स्पेलिंग वायवालं धरा. आजच्या काळातला माणूस मात्र स्वतःचं नाव ईने लिहीत असेल तर ते तसंच राहू द्या, ते त्याचं नाव आहे.

---

वाघनख

कालक्रमाचा मुद्दा मान्य. पण आज कुणी मुलाचं नाव ल्हवेलिन ठेवून घरात 'ल्हेउ' हाक मारत असेल तर त्या घरापुरता अर्थ सिंहच ना?

---

धातुपाठ

त्या घरापुरता सिंहच. नामसूचीत 'उगम' आणि 'रूढ समजूत' असे दोन रकाने करा, म्हणजे भांडण नको.

---

कंठ्यतालव्य

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण 'लेवेलिन', 'लुएलिन', 'लिवेलिन' तिन्ही छापील मराठीत होऊ शकतात आणि तिन्हींत पहिलं अक्षर चुकतं.

नावाचे तीन तुकडे: ल्ह - वे - लिन. जोर मधल्यावर. वेल्शमध्ये जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो.

*स्वर आधी, ते सोपे आहेत.* वेल्शमध्ये वाय दोन प्रकारे वाचतात. शेवटचं अक्षर सोडून इतरत्र तो आपल्या 'अ'सारखा, म्हणजे 'घर'मधल्या घ नंतरचा. शेवटच्या अक्षरात दक्षिण वेल्समध्ये 'इ', उत्तरेत जीभ थोडी मागे घेऊन केलेला 'इ'. या नावात दोन वाय आहेत आणि दोन्ही प्रकार एकाच नावात सापडतात: पहिला अ, दुसरा इ. म्हणून 'लिवेलिन' नको. इंग्रजीत तोंडाने गोल करून 'लुएलिन' म्हणतात त्याला वेल्श आधार नाही.

*आता डबल एल.* कृती अशी:

जिभेचं टोक 'ल' म्हणताना जिथे लागतं तिथेच टेकवा, वरच्या दातांमागे. ते हलवायचं नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवा. आता 'ल' न म्हणता नुसती हवा सोडा, ती जिभेच्या कडेने, दाढांच्या बाजूने निघाली पाहिजे. बोटांना कंप लागता कामा नये. कंप लागला तर तो साधा ल. हवा जिभेच्या टोकावरून पुढे गेली तर स किंवा श होतो. टोक सुटलं तर थ होतो. हवा सोडायला सुरुवात करताना घसा अडवला तर 'क्ल' ऐकू येतं, इंग्रज मंडळींचं बहुतेक वेळा हेच होतं. हा आवाज काही सेकंद सलग काढता आला पाहिजे, स काढतो तसा. तेवढं जमलं की मागे 'अ' जोडा, मग 'वेलिन'.

सरावाला ल्हानेल्ही हे गावाचं नाव घ्या. त्यात हा आवाज सुरुवातीलाही आहे आणि मध्येही. झुलू भाषेत एच-एल लिहून हाच आवाज काढतात, तेव्हा त्या भाषेचं ध्वनिमुद्रण ऐकूनही कान तयार होतो.

देवनागरीसाठी माझी सूचना: ल्हवेलिन.

---

पानमळा

'ल्ह' पटतंय, पण कोल्हापूरमधला ल्ह आणि हा एकच का? आणि उलटा, म्हणजे 'ह्ल' लिहिला तर जास्त जवळ जाणार नाही का? आधी हवा आणि मग ल?

---

कंठ्यतालव्य

एकच नाही. आपला ल्ह (कोल्हा, ल्हासा, कल्हई) घोष आहे, गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागतो. वेल्श आवाज अघोष आहे. पण मराठीत अघोष ल नाहीच, तेव्हा लिपीत जे आहे त्यातलं सगळ्यात जवळचं घ्यायचं. हिंदीभाषकांपेक्षा आपण इथे सुखी आहोत. त्यांच्या लेखनात शब्दाच्या सुरुवातीला ल्ह सहसा येत नाही, आपल्याकडे ल्हान आहे, ल्हावा आहे.

'ह्ल' लिहून काही फायदा नाही. मराठी तोंड ह्ल टिकू देत नाही. आह्लादचा आल्हाद झाला, प्रह्लादचा प्रल्हाद झाला आणि लिहितानाही तसाच झाला. तुम्ही 'ह्लवेलिन' छापलंत तरी वाचक 'ल्हवेलिन'च वाचणार, वर अडखळणार तो वेगळा. नुक्ता देऊन ल़ करायची सूचना कधीतरी येते. तो नुक्ता सगळ्या फॉन्टांत नीट दिसेलच असं नाही.

आणि एल-एच लिहिण्याची परंपरा खुद्द वेल्समध्ये आहे. एडवर्ड ल्हुइड (१६६०-१७०९), ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख आणि केल्टिक भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया घालणारा माणूस, स्वतःचं आडनाव एल-एच-यू-वाय-डी असंच लिहायचा. मध्ययुगीन हस्तलिखितांत दोन एल जोडून एक अक्षर काढलेलं दिसतं, युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे. तुमच्या पुस्तकात मूळ रोमन रूप तळटीपेत देणार असाल तर ते जोडाक्षर वापरायच्या फंदात पडू नका, साधे दोन एल पुरे.

याच न्यायाने आर-एच हा अघोष र आहे, आणि आपला 'ऱ्ह' त्याला जवळचा. म्हणून 'ऱ्हीस', रीस किंवा राइस नव्हे.

---

मोडीवाचक

नामसूचीत नुसतं नाव देऊन भागणार नाही, कारण चार ल्हवेलिन ओळखायचे ते बापाच्या नावावरून. 'अप' म्हणजे मुलगा. आपल्या मोडी कागदांत 'रामा बिन गोविंदा' असतं, तिथला बिन जे काम करतो तेच इथे अप करतो. पुढचं नाव स्वराने सुरू झालं तर अपचा 'अब' होतो: अब ओवाइन. मुलीसाठी 'वेर्ख'. बाईचं नाव लग्नानंतरही बापाच्या नावानेच चालायचं, आपल्याकडच्या कागदांत बायकोसाठी 'कोम' लावून नवऱ्याचं नाव येतं तसं नाही.

अप हा आडनावाचा भाग नाही. 'अप ग्रिफिद यांनी तह केला' असं वाक्य अनुवादात आलं तर ते 'बिन गोविंदा यांनी' म्हटल्यासारखं होईल. वाक्यात ल्हवेलिनच लिहा.

पुढे इंग्रजी कायद्याच्या अमलाखाली, सोळाव्या शतकापासून, आधी जमीनदारांनी आणि बऱ्याच उशिराने सामान्यांनी कायमची आडनावं घेतली. तेव्हा अपचा प पुढच्या नावाला चिकटून बसला. अप ऱ्हीसचा प्राइस, अप हवेलचा पॉवेल, अप हिउचा प्यू, अप हॅरीचा पॅरी. अब ओवाइनचा बोवेन, अब येवानचा बेव्हन. म्हणजे प्राइस आडनावाचा 'किंमत'शी संबंध नाही.

तुमच्या चार राजपुरुषांची ओळख, एकेका ओळीत:

ल्हवेलिन अप सैसिल्ह, मृत्यू १०२३. याचा मुलगा ग्रिफिद अप ल्हवेलिन (मृत्यू १०६३) याने जवळपास सगळं वेल्स एका सत्तेखाली आणलं.

ल्हवेलिन अप योरवेर्थ, मृत्यू १२४०. हाच 'वाउर', म्हणजे थोर. इंग्लंडचा राजा जॉन याचा जावई. १२३० पासून तो स्वतःला आबरफ्राउचा राजपुत्र आणि स्नोडनचा स्वामी म्हणवून घेई. त्याची मानली जाणारी दगडी शवपेटी ल्हानरुस्तच्या चर्चमध्ये आहे.

ल्हवेलिन अप ग्रिफिद, वरच्याचा नातू. १२६७ च्या माँटगमेरीच्या तहात इंग्लंडच्या राजाने त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता दिली. ११ डिसेंबर १२८२ ला मारला गेला.

ल्हवेलिन ब्रेन. १३१६ साली ग्लॅमॉर्गनमध्ये बंड केलं, १३१८ साली कार्डिफमध्ये देहदंड.

आजोबा आणि नातू यांची गल्लत फार होते. संदर्भात राजा जॉन असेल तर आजोबा, पहिला एडवर्ड असेल तर नातू.

विशेषणांबद्दल एक सावधगिरी. 'थोर' या अर्थाचा शब्द कोशात 'माउर' असा सापडेल, नावापुढे मात्र 'वाउर' होतो. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन संदर्भाने मऊ होतं. म चा व, ब चा व, क चा ग, प चा ब. 'ब्रेन' म्हणजे लाकूड, कोशात 'प्रेन'. 'वखन' म्हणजे धाकटा, कोशात 'बखन', त्यावरूनच वॉन हे आडनाव. 'गोख' म्हणजे तांबडा, कोशात 'कोख', त्याचं गॉफ झालं. एफ हे एकच अक्षर वेल्शमध्ये व आहे आणि फ साठी दोन एफ लिहितात, हेही लक्षात असू द्या. नाहीतर 'ल्हवेलिन फॉर' असं काहीतरी छापून जाईल.

---

डोंगरवाट

अवांतर: ल्हवेलिन म्हटलं की तो कुत्रा आठवतो. बेदगेलर्ट गावात त्याची समाधी दाखवतात. राजपुत्र शिकारीहून येतो, पाळणा उलटलेला, कुत्र्याच्या तोंडाला रक्त. तो कुत्र्याला मारतो आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा. हे वाचताना ब्राह्मणी आणि मुंगूस आठवल्याशिवाय राहत नाही. पुस्तकात घ्यावी का?

---

मोडीवाचक

घ्यायची तर दंतकथा म्हणून घ्या, वाउरच्या चरित्रात नको. समाधी अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. गावातल्या खाणावळीचा मालक डेव्हिड प्रिचर्ड याने ती गिऱ्हाइकं यावीत म्हणून उभी केली असं मानतात. गावाच्या नावातला गेलर्ट हा बहुधा कुणी जुना साधुपुरुष, कुत्रा नव्हे. (प्रिचर्ड म्हणजे अप रिशार्ट. वरच्या यादीत घाला.)

मुंगसाचं तुम्हाला उगाच आठवलं नाही. पंचतंत्रातली ती गोष्ट फारसी-अरबी वाटेने पश्चिमेला गेली, मुंगसाचा तिथे कुत्रा झाला आणि 'रोमच्या सात शहाण्यां'च्या कथाचक्रात ती युरोपभर फिरली. त्या कथाचक्राचा मध्ययुगीन वेल्श अनुवाद आहे. अनुवादकाचं नाव हस्तलिखितात दिलंय: ल्हवेलिन ओफेइरियाद, म्हणजे ल्हवेलिन पाद्री.

---

डोंगरवाट

_/\_ बेदगेलर्टची फेरी वसूल.

---

वंशवेल

नोंदी शोधणाऱ्यांसाठी दोन शब्द. परदेशातले काही वाचक वेल्श पणजोबा शोधत असतात, त्यांना हे नाव हमखास दगा देतं.

इंग्रज कारकुनाला डबल एल ऐकू आला की तो एफ-एल लिहायचा. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीच्या नाटकात जो वेल्श कप्तान आहे त्याचं नाव फ्लुएलेन आहे ते असंच. फ्लेवेलिन, फ्लेवेलिंग ही आडनावं तिथूनच आली. फ्लुएलेन नावाचं एक रानतणही आहे, त्याचंही मूळ 'ल्हवेलिनची वनस्पती' अशा अर्थाच्या वेल्श नावात. कारकून जरा कंटाळलेला असेल तर सरळ लुइस लिहून मोकळा व्हायचा. लुइसचं मूळ जर्मानिक आहे, लुडविग घराण्यातलं. ल्हवेलिनशी त्याचा काडीचा संबंध नाही, फक्त सुरुवात सारखी लागते. लॅटिन नोंदवहीत असला तर लेवेलिनुस, लिओलिनुस किंवा लुडोविकुस.

बऱ्याच साइटींवर साउंडेक्स नावाचा शोध असतो, आवाजावरून कोड बनवणारा. त्यावर विसंबू नका. कोड काढून बघा: वायवालं, ईवालं, मधला डबल एलवालं आणि लिओलाइनसुद्धा, सगळ्यांचा कोड एल४५० येतो. छान. पण फ्लुएलेन आणि फ्लेवेलिनचा एफ४४५, आणि लुइसचा एल२००. म्हणजे एकाच माणसासाठी तीन वेगळे शोध लावावे लागतात. पद्धत अशी ठेवा:

आधी एल४५० चा शोध, तालुका किंवा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) घट्ट धरून. मग एफ-एल ने सुरू होणारी, पुढे तारांकन. मग लुइस, पण फक्त वडिलांचं नाव जुळत असेल तरच, कारण लुइस वेल्समध्ये ढिगाने आहेत. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यू नोंदी आहेत, त्याआधी पॅरिशच्या वह्या. १८५८ आधीची वेल्श मृत्युपत्रं आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटीवर फुकट बघता येतात. त्यांत एकाच मृत्युपत्रात एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असलं तरी दचकू नका, स्वतः त्या माणसालाही त्याचं काही नसायचं.

तारखेचा सापळा: १७५२ पूर्वी तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. 'फेब्रुवारी १७२०' लिहिलंय ते आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. बाळाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधीचा दिसला तर आधी हे तपासा, मग निष्कर्ष काढा.

आणि दोन पिढ्या मागे गेलात की आडनावच बदलतं. ल्हवेलिन अप ऱ्हीसचा मुलगा योरवेर्थ अप ल्हवेलिन. आडनाव धरून शोधणारा इथेच वाट चुकतो.

---

पानमळा

सगळ्यांचे आभार. त्या 'अखेरच्या नेत्या'च्या, म्हणजे ल्हवेलिन अप ग्रिफिदच्या मुलीचं नाव राहिलं. ग्वेनल्हिअन असं लिहितोय. बरोबर?

---

धातुपाठ

बरोबर, जोर 'ल्हि'वर. 'ग्वेन' म्हणजे पांढरी, गोरी, पवित्र. दुसरा भाग बहुतेक 'ल्हिआइन', म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, लिनन. 'जवसाच्या धाग्यासारखी गोरी' असा अर्थ सांगतात. १२८२ साली जन्मली, बाप गेल्यावर पहिल्या एडवर्डने तान्हेपणीच लिंकनशरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात टाकली, १३३७ साली तिथेच वारली. त्या भागातल्या इंग्रज लेखनिकांनी तिचं नाव व्हेंसिलिअन वगैरे करून टाकलं, म्हणजे आवाज नाही तर नाव कसं झिजतं याचा नमुनाच. २००९ साली स्नोडोनियातल्या एका शिखराला तिचं नाव दिलं आहे.

---

पानमळा

नोंदीचा मसुदा टाकतो, बघून घ्या:

> ल्हवेलिन: वेल्श पुरुषनाम. उच्चार ल्ह-वे-लिन, जोर मधल्या अक्षरावर. पहिला ल अघोष. उगम: ब्रिटॉनिक लुगुबेलिनोस (पुनर्रचित), लुगुस व बेलिनोस या देवतांच्या नावांपासून. रूढ समजूत: 'सिंहासारखा', 'नेता'. इंग्रजी रूपे: लुएलिन, लिओलाइन, फ्लुएलेन, लुइस. लघुरूपे: ल्हेउ, लिन. स्त्रीरूप: ल्हवेला.

---

कंठ्यतालव्य

'लुइस' रूप नव्हे, पर्यायी नाव. वेगळं काढा: 'इंग्रजी कागदांत याऐवजी लुइस असेही आढळते'.

सूची रोमन वर्णानुक्रमाने लावणार असाल तर वेल्शमध्ये डबल एल हे एल नंतरचं स्वतंत्र अक्षर आहे. संगणकाने साधी वर्णवारी लावली की ल्हवेलिन एलच्या मधोमध जाऊन बसेल. मराठी वर्णक्रमाने लावत असाल तर प्रश्न नाही, फक्त ल्ह हा ल च्या जोडाक्षरांत येईल, ह मध्ये नाही.

---

मोडीवाचक

आणि 'लुएलिन'वरून 'ल्हवेलिन पाहा' अशी एक उलट नोंद ठेवा. इंग्रजी पुस्तक वाचून आलेला माणूस तिथेच शोधणार.